बॅटरी कोण खातंय

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.३५

आजपासून रोजनिशी. कारण तांत्रिक आहे, भावनिक नाही.

फोनची बॅटरी उतरतेय. सकाळी सहाला शंभर टक्के, संध्याकाळी घरात शिरताना नऊ. परवा तर सात. फोन दीड वर्षाचा, म्हणजे ऐन उमेदीतला. मी त्यावर ना गाणी ऐकतो, ना खेळ खेळतो. हे सगळं गेल्या सोमवारपासून सुरू झालं. त्या सोमवारी दुसरं विशेष काही घडलं नाही. आमच्या लॅबच्या वर दातांचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरबाईंनी एक चिठ्ठी दिली, ती पाकिटात आहे. तिचा याच्याशी संबंध नाही.

सव्वीस वर्षं मी कवळ्या करतोय. दात केसाएवढा उंच बसला तरी माझ्या बोटाला कळतं. अशा माणसाला फोनमधली खोट सापडू नये, हे पटत नाही.

ठराव: आठ दिवसांत छडा लावायचा. कुणाला विचारायचं नाही. दर तासाला टक्के बघून मागच्या पानावर मांडायचे.

दुपारी १२.१५

लॅब. ७१ टक्के. स्क्रीनचा उजेड अगदी कमी केला. आता स्क्रीनवर काहीच दिसत नाही, त्यामुळे बचत होत असणार.

५ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६.३०

११ टक्के. संशय चार्जरवर. लॅबमध्ये माझा चार्जर आणि चष्मेवाल्याचा चार्जर एकाच प्लगपाशी असतात. चष्मेवाला म्हणजे शेजारच्या टेबलावर बसून धातूचं काम करणारा माझा सहकारी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, भिंगं मात्र माझ्यापेक्षा जाड. त्याने चार्जर बदलला असणार, मुद्दाम नव्हे, पण बदलला असणार. आज त्याचा न विचारता घरी आणलाय.

आज मेण कोरायची सुरी दोनदा हातातून सटकली. नवीन सुरीची मूठ गुळगुळीत आहे. कंपनीला कळवायला हवं.

६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी २.००

चार्जर निर्दोष. चष्मेवाला सकाळपासून शोधत होता. मी पण त्याला शोधायला मदत केली.

हेडबाईंची कवळी परत आली. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वरच्या दवाखान्यातल्या पेशंट. नवीन दात लावून बोलताना ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजते, अशी तक्रार. सगळी शाळा शिस्तीत ठेवलेल्या बाईला स्वतःचं नाव सांगताना शिट्टी वाजतेय म्हटल्यावर त्यांचा राग मी समजू शकतो. पण पुढचे दोन दात किंचित तिरके बसलेत, हे डॉक्टरबाईंचं मत मला मान्य नाही. हेडबाईंची जीभ जाड आहे.

डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या होत्या. एरवी त्या तळघरात येत नाहीत, इथे प्लास्टरची धूळ असते. त्यांनी हळूच विचारलं, जाऊन आलात का. मी म्हटलं, याच आठवड्यात. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मी हात खिशात घातला. खिशातला फोन गरम होता. कुणी वापरत नसताना गरम. खिशात एखादं जिवंत जनावर झोपल्यासारखं वाटलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ७.१५

मोठा शोध. मागच्या पानावरचे आकडे नीट लावून पाहिले. दिवसभर बॅटरी हळूहळू उतरते, पण साडेचार ते सहा या दीड तासात घसरगुंडी. काल या वेळात सत्तावीस टक्के गेले. परवा चोवीस.

या दीड तासात मी काय करतो? साडेचारला लॅब सुटते. मी चालतो. व्यायाम. चालत मोठ्या हॉस्पिटलपर्यंत जातो, तिथून बसने घरी. हॉस्पिटलच्या गेटसमोर, रस्त्याच्या अलीकडे एक बाक आहे. पाच ते पावणेसहा तिथे टेकतो. हॉस्पिटलसमोर आहे म्हणून नव्हे, बाक आहे म्हणून. चालल्यावर माणसाला कुठेतरी बसावंच लागतं.

म्हणजे फोन व्यवस्थित आहे. मी एकटा असतो तेव्हाच काहीतरी होतं.

हे वाक्य लिहून झाल्यावर उठून पाणी प्यायलो.

९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.००

काल जेवताना बायको म्हणाली, संध्याकाळी गारठा वाढलाय, उघड्यावर बसताना स्वेटर घालत जा.

त्या वेळी मी हो म्हणून गेलो. सकाळी दाढी करताना लक्षात आलं. मी तिला सांगितलंय की मी चालतो. बसतो असं कधी सांगितलेलंच नाही. मग ‘बसताना’ कुठून आलं?

कुणीतरी तिला सांगतंय. म्हणजे कुणीतरी बघतंय.

गालाला दोन ठिकाणी कापलं. ब्लेड जुनं होतं.

११ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १.००

घाबरायचं नाही, पद्धतशीर विचार करायचा. माझ्यावर नजर ठेवून कुणाचा फायदा?

डॉक्टरबाई: शक्य. मी कामात मागे पडलो का, हे त्यांना बघायचं असेल. मात्र त्या सरळ तोंडावर बोलतात.

मेव्हणा: बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. परंतु पाच ते सहा तो जिममध्ये असतो, फोटो टाकतो.

चष्मेवाला: माझी खुर्ची खिडकीखाली आहे. तळघरात तेवढाच दिवसाचा उजेड, आणि वरून फुटपाथवर जाणाऱ्यांचे पाय दिसतात. ती जागा त्याला हवी असणार. मला हवी होती, माझ्या आधीच्याला हवी होती.

शनिवारी बाकावर बसल्यावर तीन माणसांनी माझ्याकडे पाहिलं. एकाने वेळ विचारली. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं का, ते बघायचं राहिलं. मी समोर गेटवर नजर रोवून बसलो. सावध माणसाने एका जागी नजर ठेवावी.

गेटमधून माणसं आत जातात. बाहेर पण येतात. दोन्हींचा हिशोब सारखा असतो का, असा विचार येऊन गेला. सोडून दिला.

१३ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ११.४०

फोन एरोप्लेन मोडवर टाकला. आता माझ्याकडे बाहेरून काही येणार नाही, माझ्याकडून काही जाणार नाही. साडेनऊला ९१, साडेदहाला ९१, साडेअकराला ९१. डोळ्यांत पाणी आलं. विजय.

दुपारी १२.३०

विजय अल्पकाळ टिकला. वरच्या काउंटरवरच्या ताई खाली धावत आल्या. घरून फोन होता, तुम्ही लॅबमध्येच आहात ना, ठीक आहात ना, असं विचारत होत्या म्हणे. मी म्हटलं, आहे, ठीक आहे.

माझा फोन बंद आहे, हे तीन तासांत घरापर्यंत पोचलं कसं? लॅबमध्ये तेव्हा फक्त चष्मेवाला होता. मी एरोप्लेन मोड काढला. न काढून करणार काय?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ८.००

स्टीलच्या डब्यातून सिग्नल जात नाही, असं मेव्हणा मागे कधीतरी म्हणाला होता. आजपासून फोन जेवणाच्या डब्यात. जेवण कागदात.

दुपारी १.१०

डबा उघडला. ३४ टक्के. फोन इतका तापला होता की डबा कोमट लागला. चष्मेवाला म्हणाला, बंद डब्यात फोनला रेंज सापडत नाही, तो शोधत राहतो आणि त्यात आणखी बॅटरी जाते. मी त्याला विचारलं नव्हतं. त्याला एवढं कसं माहीत?

फोनला पोळीभाजीसारखा वास येतोय.

१८ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.४५

आज रंगेहाथ पकडला.

सकाळी पावणेआठला लॅबमध्ये शिरलो, रोजच्यापेक्षा पंधरा मिनिटं आधी, मुद्दाम. चष्मेवाला माझ्या खुर्चीत. माझ्या दिव्याखाली. त्याच्या हातात माझी जबड्याची फ्रेम, म्हणजे वरचा-खालचा साचा बसवतात ती बिजागरीची चौकट, आणि तिच्यात हेडबाईंची कवळी. माझ्या मेणाच्या सुरीने तो पुढच्या दोन दातांशी काहीतरी करत होता.

मी विचारलं, काय चाललंय. तो दचकून उठला. काही नाही, जरा बघत होतो, म्हणाला. कान लाल झाले होते. मग म्हणाला, सर, तुम्ही जाऊन या ना एकदा. कुठे, असं मी विचारलं. त्याने आपल्या टेबलावर जाऊन घासायचं चक्र चालू केलं.

माझं काम बिघडवणारा हाच. फोनमध्ये शिरलेलाही हाच असणार. एवढं स्पष्ट असूनही मी डॉक्टरबाईंकडे गेलो नाही, कारण मी मोठ्या मनाचा आहे. आणि त्या विचारतील, जाऊन आलात का.

१९ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ३.००

हेडबाई कवळी लावून स्वतः जिना उतरून खाली आल्या. ‘सात समुद्र, सत्तर सशांची सभा’ असं काहीतरी स्वच्छ म्हणून दाखवलं. एकही शिट्टी नाही. माझा हात हातात घेऊन आभार मानले. जीभ सवयीने बारीक झाली असणार, तसं होतं.

त्यांनी उजवा हात धरला तेव्हा पहिली तीन बोटं माझी नव्हतीच, कुणीतरी हातमोजा दाबतंय असं वाटलं. हसून वेळ मारून नेली.

२० नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ६.५०

आज खरं लिहिणार होतो. वेळ कमी आहे, थोडंच लिहितो.

वडील शेवटी शेवटी आमटी खायचे तेव्हा चमचा वाटीच्या कडेला वाजायचा. टकटकटक. आम्ही मुलं हसायचो, आई डोळे वटारायची. पुढे पुढे टकटक एवढी वाढली की ती वाटी टेबलावरून उचलून त्यांना हाताने भरवायची. ते शिंपी होते. सुईत दोरा ओवता येईनासा झाला त्या दिवशी त्यांनी मशिनवर कापड टाकून ठेवलं, ते परत काढलं नाही.

त्या आजाराचं नाव मी इथे लिहिणार नाही. मला ते झालेलं नाही. बोटं फक्त बधिर होतात, सकाळी मुंग्या येतात, आणि वस्तू सटकतात. थरथर जवळजवळ नाहीच. आज चहाचा कप बशीवर ठेवताना वाजला, पण कप ठेवला की वाजणारच, चिनी मातीचा असतो.

बायकोने मान वर करून पाहिलं नाही. पण तिने माझी बशी हळूच काढून घेतली. कप टेबलावर ठेवा, डाग पडला तर पडू दे, म्हणाली.

ठराव: आजपासून बशी नको.

२१ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६.३०

पाच ते पावणेसहा: ३१ टक्के. उच्चांक.

बाकावर बसून चिठ्ठी काढून वाचली. नसांची तपासणी, खोली क्रमांक चौदा, तळमजला. तळमजला आहे हे बरं आहे, जिना नाही. परत पाकिटात ठेवली. चिठ्ठीला मुदत नसते.

आधी फोनचा प्रश्न निकालात काढतो. एका वेळी एकच काम नीट होतं. एकदा फोन सुधारला की चौदा नंबर.

उद्या मोबाईलवाल्याकडे जाणार. कुणाला विचारायचं नाही असा ठराव होता, परंतु मोबाईलवाला म्हणजे ‘कुणी’ नव्हे, तो तज्ज्ञ.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५.५५. बाकावरून

सुटलं. सगळं सुटलं. हात थरथरतोय तो आनंदाने.

साडेचारला निघालो तो थेट मोबाईलवाल्याकडे. दुकान बाजारातल्या गल्लीत, एका माणसापुरतं. त्याने माझं सगळं ऐकलं, डब्याचा प्रयोगसुद्धा. मग सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीचं एक पान उघडलं, तीन सेकंदांत. त्या पानावर कोणतं ॲप किती खातं याची यादी असते. मला हे माहीत होतं, मी तिथपर्यंत पोचलोच असतो.

पहिल्या नंबरवर: ‘कुठंयस’. ५८ टक्के.

मी म्हटलं, हे कसं शक्य आहे, हे ॲप मी वर्षभरात दोनदासुद्धा उघडलेलं नाही. वर्षापूर्वी आम्ही तिघं, मी, बायको आणि कन्या, एक मोठं प्रदर्शन बघायला गेलो होतो, तिथे त्या दोघी दीड तास हरवल्या होत्या. त्यांचं म्हणणं मी हरवलो होतो. मग कन्येने तिघांच्याही फोनमध्ये हे टाकलं. नकाशावर प्रत्येकाचा एक ठिपका दिसतो. त्यानंतर कन्या नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि मी ते विसरलो.

मोबाईलवाला म्हणाला, तुम्ही उघडत नसलात तरी याला कायम ठिकाण बघायची परवानगी दिलेली आहे, ते मागे चालूच असतं. एरवी फार खात नाही. पण समोरून कुणी तुमचा ठिपका उघडून बसलं, की फोन सारखं ठिकाण पाठवत राहतो, मग बॅटरी अशी पळते. मग त्याने जे म्हटलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

“रोज साडेचार ते सहा तुम्हाला कुणीतरी बघतंय, काका.”

मला खुर्ची द्यावी लागली. त्याच्याकडे एकच खुर्ची होती, तो उभा राहिला.

गटात तीनच नावं, कन्येने टाकलेली: बाबा, आई, मी. त्याने विचारलं, घरचंच कुणी असेल. मी म्हटलं, अशक्य. कन्या त्या वेळी ऑफिसात असते. आणि बायकोला फोटो काढताना अजून स्वतःचं बोट मधे येतं, ती नकाशा काय बघणार. कुणीतरी तिच्या नावाने आत शिरलंय, हे उघड आहे. तो काहीतरी बोलणार होता, पण मी ऐकून घेतलं नाही. तिथल्या तिथे ॲप काढून टाकलं. त्याने फोनची राहिलेली सगळी अपडेटही करून दिली. त्यात तासभर फोन बंदच होता.

आत्ता ३८ टक्के, ते पण चार्ज न करता, दुकानात शिरतानाच्या ४० वरून. आज पहिल्यांदा या बाकावर मोकळा श्वास घेतोय. माझ्याकडे कुणी बघत नाहीये.

उद्यापासून चौदा नंबरचं बघू. उद्या शनिवार, गर्दी असते. सोमवारी.

गेटमधून एक बाई बाहेर येतेय, चाल ओळखीची वाटते. आपल्या हिच्यासारखीच

२३ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०.००

कालचं वाक्य अर्धं राहिलं. पूर्ण करतो.

ती आपली हीच होती. हॉस्पिटलच्या आतून येत होती. घरातली साडी, पायात घरातल्या चपला, हातात फोन. चेहरा असा की मी तो पंचवीस वर्षांत पाहिलेला नाही. आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली: हिला काहीतरी झालंय. ही इथे येते, मला न सांगता येते, हिचं काहीतरी निघालंय आणि मी मूर्ख तीन आठवडे फोनचे टक्के लिहीत बसलो.

मी उठलो. रस्ता कसा ओलांडला माहीत नाही, एका गाडीने जोरात ब्रेक मारला एवढं आठवतंय. तिच्यापाशी पोचलो आणि तिचे खांदे धरून काय झालं, काय झालं, एवढंच विचारत राहिलो. ती तिथल्या तिथे पायरीवर बसली आणि रडायला लागली.

तिचं सांगणं असं. साडेचारनंतर माझा ठिपका बाजाराच्या गल्लीत गेला आणि नाहीसा झाला. फोन लागेना. तासभर. तिने कन्येला फोन केला, कन्येला पण मी दिसेना. मग हिने अपघात विभागात जाऊन विचारलं. चौदा नंबरला विचारलं. औषधाच्या काउंटरवर विचारलं. माझं वर्णन करताना तिला माझ्या शर्टाचा रंग आठवेना, त्याचंच तिला जास्त रडू आलं.

चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी डॉक्टरबाईंनी तिला फोन केला होता. तेव्हापासून तिला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली,

“मी विचारलं असतं तर तुम्ही काही नाही म्हणाला असता. आणि मग ते काही नाही मला पण खरं धरावं लागलं असतं.”

मग डोळे पुसून म्हणाली,

“महिना होत आला, रोज बघतेय. तुमचा ठिपका गेटसमोर येतो आणि थांबतो. रोज वाटतं, आज आत जाईल.”

मी म्हटलं, मी व्यायामाला येतो. तेवढ्यात वॉचमन आला आणि म्हणाला, पायरीवर बसू नका, आत बाकडी आहेत. तेव्हा मला दिसलं की आम्ही गेटच्या आत आहोत. मी रस्ता ओलांडला तो थेट आत आलो होतो. कधी आलो ते कळलंच नाही.

चौदा नंबरची वेळ संपली होती. नाव घातलं. बुधवारची तारीख मिळाली. माझ्या हातातून पेन सटकलं, ते तिने उचललं आणि माझं नाव तिनेच लिहिलं.

येताना बसमध्ये ती खिडकीशी झोपली. माझ्या मनात आलं, घरापासून हॉस्पिटल पंचवीस मिनिटं, एवढी शोधाशोध करून ही घरातल्या चपलांवर सहाच्या आत पोचली कशी? पण आता कशाचा संशय घ्यायचा नाही असं ठरवलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ४.००

झालं.

रात्री झोप नाही, हे वेगळं लिहायला नको. चौदा नंबरच्या बाहेर बसलो तेव्हा नाव पुकारलं ते बायकोलाच ऐकू आलं. मनात मी सगळी तयारी केली होती. खुर्ची चष्मेवाल्याला द्यायची. हत्यारं पण त्यालाच. त्याचा हात चांगला आहे. हेडबाईंचे दात त्याने बसवले होते. हे मला त्या दिवशी सकाळीच कळलं होतं, मी फक्त लिहिलं नव्हतं.

आधी मशिनवर हाताला विजेचे बारीक झटके दिले. दुखत नाहीत, दचकवतात. मग आतल्या डॉक्टरांनी नाकाला बोट लावायला सांगितलं, खोलीच्या टोकापर्यंत चालायला सांगितलं, बोटांची चिमटी उघडबंद करायला लावली. मला वाटलं, आता सांगतील. मी बायकोचा हात धरला. डाव्या हाताने, उजव्याचा भरवसा नव्हता.

डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दाबली गेलीय.

मी विचारलं, आणि पुढे? ते म्हणाले, पुढे काही नाही, एवढंच. मी वडिलांचं सांगितलं. चमचा, वाटी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. तसं काहीच दिसत नाही, म्हणाले. मी तेच पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा बायकोने माझ्या पायावर पाय ठेवला.

सव्वीस वर्षं बोटं आवळून कोरकाम केल्यावर हे होऊ शकतं म्हणे. आणि मग त्यांनी विचारलं, गेल्या महिन्याभरात त्या हाताने नवीन काही करत होता का, काही सारखं धरून बसणं वगैरे. मी आठवू लागलो. बायको म्हणाली, फोन. दर तासाला म्हणतात, पण दर पाच मिनिटांना काढतात, नाकाशी धरून बघत बसतात.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: मनगटाचा पट्टा, सहा आठवडे. बारीक काम बंद. फोन कमी. बरं नाही वाटलं तर छोटी शस्त्रक्रिया, पण बहुधा लागणार नाही.

महिनाभर मी ज्याला भीत होतो त्याचं नाव सांगायला त्यांना तीन मिनिटं लागली, आणि ते नाव भलतंच निघालं. बाहेर आल्यावर मला हसू यायला हवं होतं. मी लॉबीतल्या बाकड्यावर बसून राहिलो. बायको पाणी आणायला गेली.

१ डिसेंबर, रविवार. सकाळी ९.१५

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीचं झालंय, म्हणून थोडक्यात.

उजव्या मनगटाला निळा पट्टा. खिडकीखालची खुर्ची चष्मेवाल्याकडे, सहा आठवड्यांसाठी. चार्जर मी त्याला परत केला, तो म्हणाला, त्याला माहीत होतं.

काल कन्येने फोनवरून समजावून ‘कुठंयस’ परत टाकून घेतलं. मी दोन अटी घातल्या. कुणी ऐकल्या नाहीत.

आज सकाळी सहज, तांत्रिक कुतूहल म्हणून, ते ॲप पहिल्यांदा नीट उघडलं. त्यात मागचे तीस दिवस बघायची सोय आहे. कोण कुठे होतं, किती वाजता. मी माझे दिवस पाहिले. लॅब, हॉस्पिटलचा बाक, घर. लॅब, हॉस्पिटलचा बाक, घर. मग बायकोच्या नावावर बोट टेकलं.

पहिले काही दिवस ती घरी. नंतर ७ नोव्हेंबर, पाच ते पावणेसहा: हॉस्पिटल रस्ता, बसथांबा. आठ तारीख, तेच. नऊ, तेच. मधले रविवार सोडून. अकरा, बारा, तेरा. एकवीसपर्यंत रोज. बावीसला आधी थांबा, मग हॉस्पिटल.

तो थांबा मला माहीत आहे. तिथूनच मी बस पकडायचो. बाकाच्या मागे आहे, साठेक पावलांवर. तिथे उभं राहिलं की बाकावरच्या माणसाची पाठ दिसते, आणि समोर गेट. मी बाकावरून उठलो की ती माझ्या आधीची बस पकडत असणार. मी घरी यायचो तेव्हा ती ओट्यापाशी असायची, फक्त कधी कधी पदराने घाम पुसत.

तेरा संध्याकाळी ती माझ्या पाठीशी उभी होती आणि मी माझ्यावर नजर ठेवणारा माणूस समोर शोधत होतो.

ती आत्ता आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालतेय. हाक मारून विचारावं का, असा विचार करत वीस मिनिटं बसलोय. बॅटरी ४१. तिचा ठिपका आणि माझा ठिपका नकाशावर इतके जवळ आलेत की एकच दिसतोय.